रेषेखालची खाट

हिवरगव्हाणात पाणी नाही. नळ आला की लोक एकमेकांना फोन करून सांगतात, आणि फोन लागेपर्यंत नळ जातो. गावाखालून एक नाला वाहतो असं नकाशात आहे. नकाशा जुना आहे. अशा गावात ‘आपलं गाव धरणात बुडणार’ अशी बातमी पसरली आणि ती सगळ्यांना एकदम पटली. ती बातमी मीच आणलीय, हे मला सोमवारी सकाळी कळलं.

मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवतो. शिक्षणसेवक आहे, म्हणजे शिक्षकच, पण सरकारला अजून खात्री पटायची आहे. मेहकरहून अपडाऊन करतो. खामगाव गाडीनं अमडापूरला उतरायचं, तिथून काळीपिवळीत दार धरून बसायचं. शिक्षकानं शाळेच्या गावात राहावं असा नियम आहे. आम्ही सगळे शिक्षक तो आपापल्या घरी राहून पाळतो.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील असे दोन देश आहेत. माझ्या पोरांना ब्राझीलचा अवर्षण चतुष्कोन पाठ आहे. पण शाळेमागच्या टेकडीवर पडलेलं पाणी कुठं जातं असं विचारलं, तर अख्खा वर्ग म्हणाला, "खाली." उत्तर बरोबर होतं, तरी मला ते चुकल्यासारखं वाटलं. समोच्चरेषा त्यांना खालच्या वर्गात येऊन गेली होती. आली आणि गेली, थांबली नाही.

पहिल्या बाकावरची मंजुश्री म्हणाली, "सर, हे रेषा खरी कुठी असते?"

"खरी नसते. मानायची असते. समुद्रापासून सारख्या उंचीवरच्या सगळ्या जागा जोडल्या असं मानायचं."

"मंग एकदा जोडून पाहू न."

मला वाटलं, हीच ती संधी, जिच्याबद्दल बीएडला सांगतात. शाळेच्या संडासाचं बांधकाम चालू होतं. तिथल्या मिस्तऱ्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून घेतली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबतं, बस्स, तेवढ्यावर अख्खं शास्त्र. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर झेंड्याच्या ओट्यापासून सुरुवात केली. मंजुश्रीनं एक टोक धरलं, मागून पोरं कबड्डीच्या मैदानाची पांढरी फक्की टाकत आली. रेषा कोंबड्यांच्या खुराड्यावरून गेली, देवळाच्या पायरीवरून गेली, उकंडराव नावाच्या म्हाताऱ्याच्या घरातून आरपार गेली. उकंडराव वावरात होते. त्यांची बायको म्हणाली, "टाका बापा, शाळेची रांगोळी होये काय?" मोबाईलनं जी उंची सांगितली ती पोरांनी जागोजागच्या दगडांवर गेरूनं लिहिली: ५८० मी.

त्या दिवशी अख्ख्या वर्गाला समोच्चरेषा कळली. मी इतका खूश झालो की येताना काळीपिवळीवाल्यालाही समजावून सांगितली.

सोमवारी फाट्यावर उतरलो तर पारावरचे लोक उठून उभे राहिले.

"नमस्कार, सर."

माझ्या आजवरच्या नोकरीत त्या गावात मला मोठ्या माणसानं नमस्कार केला नव्हता. मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. पुढं दुकानाजवळ चार जण गप्प बसले होते, तेही उठले. तुरीचा हंगाम होता, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात विळा होता. विळा घेतलेला माणूस नमस्कार करतो तेव्हा विळाही जोडला जातो, हे मी तोवर कधी जवळून पाहिलं नव्हतं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव ओट्यावरूनच ओरडले, "ओ रुत्विक सर, या न. चहा घ्या."

अर्जुनरावांनी मला याआधी एकदाच काहीतरी दिलं होतं. कारणे दाखवा नोटीस. आज कपाला बशी होती. बशीत बिस्किट होतं. मी कप उचलताना चहा बशीत सांडला आणि तो बिस्किटानं पिऊन टाकला.

"छुपे रुस्तम निघाले तुमी," ते हळू आवाजात म्हणाले. "केवढं आहे?"

"काय?"

"धरन."

"कोणतं धरण?"

अर्जुनराव बाजूच्या माणसाकडं बघून हसले. "पाह्यलं? म्हनलो नव्हतो मी? सांगत नाही."

मी सांगितलं. रेषा धड्यातली आहे, पोरांना शिकवायला काढली, फक्की कबड्डीची आहे. ते शांतपणे ऐकत होते, जसं आपण लहान मुलाला बोलू देतो.

"सर," ते म्हणाले, "गावात संडास मोजाले कोन आलं होतं?"

"शिक्षक."

"ढोरं मोजाले?"

"शिक्षकच."

"मानसं मोजाले, मतदार मोजाले, कोरोनात खोकला मोजाले?"

"...शिक्षक."

"मंग धरन मोजाले काय गव्हर्नर येईन?"

मोजणीला गव्हर्नर येतो असं कुठंच शिकवलं नव्हतं. भूगोलात नाही, बीएडलाही नाही.

"या महिन्यात तुमचं कायमचं होये न?" अर्जुनराव मला सोडायला ओट्याच्या कडेपर्यंत आले. "सही आमचीच लागते. तुमची रेषा माह्या संत्र्याच्या बगीच्याच्या खालूनच गेली. जराशी वर सरकली तं बगीचा मोबदल्यात बसते. तुमाले काय, नळी वर धरा लागते."

शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, समोर डबा उघडा होता. म्हणाले, "मी आज रजेवर आहे."

"सर, तुम्ही इथं बसलेले आहात."

"हाव. पण रजेवर आहे." आणि त्यांनी डबा बंद केला.

दुपारपर्यंत गावाचे दोन भाग पडले. रेषेखालचे लोक कामाला लागले. रिकाम्या जागेत फळझाडं लावली की मोबदला वाढतो, हे या भागात बाळालाही माहीत असतं. पण रोपं मिळाली नाहीत, म्हणून लोकांनी आंब्याच्या, चिंचेच्या, ज्याच्या सापडल्या त्याच्या फांद्या तोडून जमिनीत खोचल्या. एकानं रात्रीतून विहीर खोदली. कमरेइतकी होती, पण आत दोरखंड आणि बादली ठेवून खरी दिसेल अशी केली. रेषेवरच्यांचं वेगळंच दुखणं. ते मला रस्त्यात अडवायचे. "आमी काय पाप केलं सर? सात पिढ्यांपासून गावात राहून राह्यलो, अन् बुडाची वेळ आली तं आमाले वगळता?"

उकंडरावांचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. ते शाळेच्या फाटकापाशी काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

"सर, माह्या घरातून गेली तुमची रेघ. सैपाकघर खाली गेलं, बैठक वरती राह्यली."

"हो काका. पण ती खरी..."

"मंग बुढी पुनर्वसनात जाईन, अन् मी इथीच राहीन?"

"तसं काही होणार नाही, काका."

"नाही होनार?" त्यांचा चेहरा थोडा पडला. "मले वाटलं होईन."

मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सभा झाली. मी बोलावली नव्हती, पण अध्यक्षस्थानी मला बसवलं. मी उभा राहून घसा फुटेस्तोवर सांगितलं. धरणाला दोन बाजूंना उंच जागा लागते. इथं पाणी पाचशे ऐंशीवर थांबवायचं म्हटलं, तर आधी खालचा सगळा मुलूख भरावा लागेल. अमडापूर बुडेल, पलीकडचा घाट उतरून खामगाव बुडेल, तेव्हा कुठं आपल्या देवळाच्या पायरीला पाणी लागेल.

पुढच्या रांगेतले लोक माना डोलवू लागले. मला वाटलं, समजलं.

मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजे खामगावची तहसील बी जाते?"

"हो, म्हणजे... नाही, जाणार नाही, असं सांगतोय मी."

"एवढं मोठं धरन होये बापा!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकत मी पुढचा हिशेब केला. कधी ना कधी हे लोक समजणार होते की धरण नाही. त्या दिवशी त्यांच्याकडं नमस्कार नसेल, विळे असतील. आणि मी रोज काळीपिवळीतून नेमका याच गावात उतरणार.

पण खरी भीती बुधवारी आली, आणि ती विळ्यांची नव्हती.

दहावीच्या वर्गाच्या खिडकीतून सिंधूताईंचं घर दिसतं. सिंधूताई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात आणि मंजुश्री त्यांची मुलगी. नवरा नाही, दोघीच. घर रेषेच्या खाली, नाल्याच्या बाजूला. बुधवारी मी फळ्यावर ॲमेझॉनचं खोरं काढून वळलो, तर पहिल्या बाकावर मंजुश्री नव्हती. खिडकीतून पाहिलं, तर त्यांच्या घराचं छप्परही एका पत्र्यापुरतं उरलं होतं. चार भिंती होत्या आणि मधे उघड्यावर एक गोदरेजचं कपाट उभं होतं.

मी खोरं तसंच टाकून गेलो.

मंजुश्री दाराशी वह्या बांधत होती. डोळे सुजलेले. "सर, मी आईले कधीची सांगून राह्यली, नळी मीच धरली होती म्हनून. आई म्हनते, तुले कोन खरं सांगीन? भाऊमामा उद्या ट्रॅक्टर घेऊन येतो. पिंपळगाव राजाले जातो आमी."

"आणि परीक्षा?"

तिनं वह्यांची गाठ आवळली. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. पिंपळगाव राजाला मामाच्या घरी त्याची चार लहान पोरं होती, आणि तिथं गेलेली मुलगी दहावीला बसत नाही, चुलीपाशी बसते. हे तिला माहीत होतं, मलाही.

सिंधूताई भिंतीवर चढून शेवटच्या टिनपत्र्याचे खिळे उपटत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत.

"सर, एक विचारू? पानी रात्री येते का दिवसा?"

गावात कुणीच हे विचारलं नव्हतं. सगळे मोबदल्याचं विचारत होते. अख्ख्या हिवरगव्हाणात पाणी येईल असं या एकट्या बाईला वाटत होतं.

"ताई, पाणी येणार नाही. तो धडा होता. खोटी रेषा आहे ती."

"तो बी असंच म्हने."

"कोण?"

त्या भिंतीवरच बसल्या. हातात हातोडी. "माह्यं माहेर पूर्नेकाठचं. मी पाचवीत असन. मानसं आले, पांढरी रेघ मारून गेले. आमी पोरी त्या रेघेवर लंगडी खेळो. लोकाइनं मास्तरले विचारलं. मास्तर म्हने, काही होत नाही, कागदावरचं आहे, तुमी धडा काढा. आमी धडा काढला. मंग एका दिवशी मास्तरची खाट बैलगाडीत चढली. म्हने, बदली झाली. शाळेले कुलूप लागलं. लोक म्हनत, येईन दुसरा मास्तर." त्यांनी उपटलेला खिळा ओच्यात टाकला. "मास्तर नाही आला. पानी आलं. रात्री. आईनं जातं तिथीच सोडलं, मले हाताले धरून ओढलं."

मी नाल्याकडं पाहिलं. नाल्यात दोन शेळ्या कोरड्या गवताची काडी चघळत होत्या. वर वळून माझ्याच फक्कीच्या रेषेकडं पाहिलं, आणि क्षणभर मलाच वाटलं, खरंच काही ठरलं असेल का कुठं? मला कोण सांगणार? मी तर शिक्षणसेवक.

"ज्या दिवशी मास्तरची खाट गेली," सिंधूताई म्हणाल्या, "त्याच दिवशी माह्या बापानं समजून घ्याले पाहिजे होतं. सर, तुमी मानूस चांगले आहा. पन तुमची खाट कुठी आहे?"

"मेहकरला."

"पाह्यलं?" आणि त्यांनी पुढच्या खिळ्याखाली हातोडीचा मागचा भाग घातला.

त्या रात्री मी घरच्या खाटेवर पडून विचार केला, ही हिवरगव्हाणात नेली तर? खोटं वाटेल, पण मला आधी आठवलं ते अस्वल. हिवरगव्हाणाच्या टेकडीपलीकडं जंगल आहे आणि हिवाळ्यात अस्वल येतं. मग आठवले अर्जुनराव, मग विळे, मग उकंडरावांच्या गोठ्यातला मारका बैल. या सगळ्यांच्या मधे झोपायचं. आणि नाही झोपलो, तर मंजुश्री ट्रॅक्टरवर बसणार.

गुरुवारी पहाटे खाट उचलली. आई म्हणाली, "खाट कायले नेतो बे?"

"प्रात्यक्षिक आहे."

"भूगोलाचं?"

"हाव."

कंडक्टरनं खाटेचं पूर्ण तिकीट फाडलं. अमडापूरहून काळीपिवळीच्या टपावर बांधून मी हिवरगव्हाणात शिरलो तेव्हा पारावरचे लोक उभे राहिले, पण नमस्कार करायचं विसरले. उकंडरावांना विचारलं, गोठ्यात जागा देता का? गोठा त्यांच्या सैपाकघराला लागून, सिंधूताईंच्या दारासमोर.

"देतो न. पन बैल लाथ मारते."

"चालेल."

"अन् अस्वल येते कधीकधी. पन ते बोरासाठी येते, मानसासाठी नाही."

"त्याला फरक कळतो का, काका?"

उकंडरावांनी जरा विचार केला. "उजेडात कळते."

खाट टेकवली. सिंधूताई आल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून खाट पाहिली, मग रेषा पाहिली, मग पुन्हा खाट. फक्कीची रेषा गोठ्याच्या कोपऱ्यातून गेली होती.

"सर, उशाकडले दोन पाय रेघेच्या वरती आहेत."

मी खाट खाली ओढली. आता बैल अगदी पायाशी आला. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही खाट त्याचीच होती.

"आता चारी खाली आहेत," मी म्हणालो.

"हाव." पण त्यांचा चेहरा सैल झाला नाही. "एक खाट आली. उद्या जाऊ बी शकते." त्या घरात गेल्या आणि भांडी पोत्यात भरू लागल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मंजुश्री दारातून माझ्याकडं बघत होती, आणि मी खाटेवर बसलो होतो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. शाळेची घंटा झाली तरी उठलो नाही. उठलो तर मास्तर गेला असं दिसलं असतं.

तेवढ्यात अर्जुनराव आले. खाटेपाशी थांबले. तिला हात लावून पाहिला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"नक्की झालं म्हना," ते म्हणाले. "मास्तरनं सोता खाली खाट टाकली."

"अर्जुनराव, मी यासाठी खाट टाकली की पाणी येणार नाही हे..."

"बस, बस. समजलं." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "रहिवासी दाखवा लागते न? जो खाली झोपला तो खालचा. वा सर. हे आमाले सुचलंच नाही."

ते जवळजवळ पळत गेले. मी खाटेवरच होतो तेव्हा वरच्या आळीतून पहिली खाट खाली आली. अर्जुनरावांची, सागवानी, दोन गडी घेऊन. ती गोठ्याच्या अगदी समोर टेकली. मग दुसरी. मग एक बाज, तिच्यावर बाळ झोपलेलंच. मग कुणी दिवाण आणला, कुणी लग्नातला पलंग आणला, आरशासकट. दुपार कलली तशी हिवरगव्हाणाची अख्खी वरची आळी रेषा ओलांडून खाली उतरत होती. बोळात पाय ठेवायला जागा राहिली नाही. एका म्हातारीला खाट नव्हती, तिनं दाराचीच ताटी उचलून आणली. फांद्यांच्या बागेत पलंग लागले. खोट्या विहिरीभोवती चार खाटा लागल्या, त्यातला एक जण अंधारायच्या आधीच विहिरीत पडला आणि मजेत उभा राहिला.

प्रत्येक जण माझ्याकडं बघून मान हलवायचा. त्या मानेत इतका विश्वास होता की मी पुन्हा काही समजावायला गेलो नाही. ज्या गावाला मी फसवलंच नाही, ते गाव मला घेरून झोपायला आलं होतं.

ट्रॅक्टर आला तो दिवेलागणीला. मंजुश्रीचा मामा. तो बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजवत राहिला. आत यायला वाटच नव्हती. शेवटी तो खाली उतरून, खाटांवरून पाय टाकत, लोकांच्या शिव्या खात सिंधूताईंच्या दारात पोचला.

"ताई, हे काय होये? तू म्हनली गाव उठून चाललं. हे तं अख्खं गाव इकडंच उतरून राह्यलं."

सिंधूताई बाहेर आल्या. पोतं हातात तसंच होतं. त्यांनी बोळ पाहिला. खाटा, बाजा, पलंग, आरशात दिसणारा मावळता उजेड. मंजुश्रीनं माझ्या खाटेचा पाय धरला होता, जसं त्या दिवशी नळीचं टोक धरलं होतं तसा, घट्ट.

"आमच्या गावात," सिंधूताई हळू म्हणाल्या, "खाटा चढत होत्या. एकही उतरली नाही."

"मंग चालायचं का नाही?" मामा म्हणाला. "मले परत जायचं आहे, घाटात अंधार होते."

"थांब." त्यांनी पोतं खाली ठेवलं. "हे पत्रे धर जरा."

मी उठायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "तुमी बसा सर. तुमी उठू नोका." म्हणून मी बसून पाहिलं. मामानं पत्रे वर दिले, सिंधूताईंनी भिंतीवरून घेतले, मंजुश्रीनं खिळे दिले. एकेक पत्रा बसत गेला. खाटांवरचे लोक सल्ले देत होते. "हा तिरपा होऊन राह्यला." "अवं, मोबदल्यात छप्पर धरते, नीट ठोक." शेवटचा पत्रा, चुलीच्या वरचा, त्यांनी ठेवला, पण ठोकला नाही. हातोडी हातात घेऊन त्या तिथंच बसल्या आणि माझ्याकडं बघू लागल्या.

मंजुश्री खाली आली. "सर, आई म्हनते तो पत्रा आत्ता नाही ठोकत."

"का?"

"तिच्या गावातला मास्तर खाट जायच्या आदल्या रात्री झोपलाच नव्हता. अंगनात फिरत होता. आजोबाइनं पाह्यलं होतं, पन त्याइले समजलं नाही." ती घुटमळली. "आई म्हनते, ज्याले माहीत असते तो झोपत नाही."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमाले झोपा लागते."

दिवे लागले होते. समोर अर्जुनराव त्यांच्या सागवानी खाटेवर कुशीवर वळून विचारत होते, "सर, मोजनीवाले कधी येतीन? सोमवारी?" पायाशी बैल फुसफुसत होता. टेकडीकडून कसलातरी आवाज आला, तो अस्वलाचा नव्हता असं मी ठरवलं. मी आडवा झालो. पांघरूण छातीपर्यंत घेतलं, हात पोटावर ठेवले, डोळे मिटले. खाटांच्या करकरी थांबल्या. मिटल्या डोळ्यांनीही मला कळत होतं की सगळे मलाच बघतायत, आणि छपरावरून सिंधूताई.

वेळ गेला. हातोडी काही वाजेना.

कानाशी उकंडरावांचा श्वास आला. ते दबक्या आवाजात म्हणाले, "सर, पापन्या हालून राह्यल्या तुमच्या. जरासे घोरा. ती पाहून राह्यली."

मी घोरू लागलो. पहिलं घोरणं भीतीनं बारीक निघालं, दुसरं बरं जमलं, तिसऱ्याला बैलानं कान टवकारले. चौथं निम्म्यात असताना वर पत्र्यावर हातोडीचा ठोका पडला.